लांबची बाइक ट्रिप, मधे उंच खिंडी आणि हवेचा भरवसा नाही, प्लॅन कसा करायचा?

चाकोरीबाहेर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय कारण एकट्याने डोकं चालवून काही उमगत नाहीये.

आम्ही तिघं आहोत, दोन बाइक, एकीवर मी आणि मागे बहीण, दुसरीवर मित्र. नऊ दिवस, १,८०० किमी, मधे चार खिंडी, त्यातल्या दोन ४,००० मीटरच्या वर आणि एक मुक्काम ४,२०० मीटरवर. एक्सेल बनवलीये, रोज २०० किमी बसतात. पण सीझनचं अगदी शेवटचं टोक आहे, त्यामुळे सकाळी ॲपवर ऊन दिसतं आणि संध्याकाळी त्याच तारखेला बर्फाचं चित्र येतं, मग कशावर विश्वास ठेवायचा?

मागच्या वर्षी एका छोट्या ट्रिपमधे आमचं फार वाईट झालं होतं ते सांगतो म्हणजे मी का घाबरलोय ते कळेल. दुपारी पाऊस सुरू झाला, आम्ही म्हटलं थांबेल, थांबला नाही, मग अंधार, मग धुकं, व्हायझर आतून भरून यायचा म्हणून तो अर्धा उघडा ठेवून चालवत होतो आणि पावसाचे थेंब डोळ्यात टाचणीसारखे टोचत होते. मुक्कामाला रात्री नऊ वाजता पोचलो. बहीण खाली उतरली आणि तिला हेल्मेटचा पट्टा सोडवेना. बोटं हलतच नव्हती. मी सोडवला तर ती काहीतरी बोलली जे मला समजलंच नाही, जीभ जड झाल्यासारखी. अर्ध्या तासाने ती नीट झाली पण तो अर्धा तास मी विसरलेलो नाही. या वेळी ती येतेय कारण तिला यायचंय, आणि मला तिला परत तशा अवस्थेत बघायचं नाहीये.

तर दिवसाला किती अंतर धरायचं, राखीव दिवस किती, माघारी कधी फिरायचं हे आधी ठरवता येतं का, आणि सामानात काय हवंच हवं. सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल.

सावकाश_स्वार

एक्सेलमधे किमीचा जो कॉलम आहे तो आधी काढून टाका आणि तिथे तास लिहा. डोंगरात अंतर तासातच मोजायचं. वळणं, उखडलेला रस्ता, समोरून आलेला ट्रक जाऊ देण्यासाठी थांबणं, पाणी प्यायला थांबणं, हे सगळं धरून सरासरी ताशी २५ ते ३० किमी पडते, रस्ता चांगला असेल तर ३५. म्हणजे तुमचे २०० किमी म्हणजे सात-आठ तास, तेही काहीही बिघडलं नाही तर. मी खिंडीच्या दिवशी पाच तासांच्या वरचा टप्पा धरतच नाही. सपाट दिवशी वाटलं तर सात घ्या.

राखीव दिवस. नवात किमान दोन हवेतच, आणि ते शेवटी ठेवू नका. बहुतेक जण परतीच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवतात आणि खिंडीच्या पायथ्याशी अडकले की त्यांना ते दिवस आठवतच नाहीत, कारण पुढचे सगळे मुक्काम तारखेनिशी ठरलेले असतात, मग खराब हवेत निघतात. राखीव दिवस मोठ्या खिंडीच्या आदल्या मुक्कामाला चिकटवून ठेवा. हवा चांगली असेल तर तो पुढे सरकवायचा, नसेल तर तिथेच बसून राहायचं.

आता पाण्याचं. बर्फ वितळून जे नाले येतात ते पहाटे सगळ्यात कमी असतात, दिवसभर ऊन लागतं तसं पाणी वाढत जातं आणि दुपार कलल्यावर सगळ्यात जास्त. त्यात ढग पण दुपारनंतरच जमतात, जमीन तापते, हवा वर जाते आणि दोन-तीनच्या सुमाराला गडगडायला लागतं. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच सांगतात, उजाडता निघा. एकदा आम्ही पंक्चरमधे दोन तास घालवले आणि जो नाला सकाळी घोट्याएवढा होता असं पुढून आलेल्यांनी सांगितलं होतं त्याच्याशी अडीच वाजता पोचलो. पाणी गढूळ, तळ दिसत नव्हता, आणि आतून दगड गडगडत जाताना आवाज येत होता, तो आवाज आला की समजा आपलं काम नाही. बरोबरच्याला वाटत होतं जाईल. मी काठावर वितभर उंचीचा एक दगड उभा करून ठेवला आणि म्हटलं वीस मिनिटं थांबू, हा कोरडा राहिला तर जाऊ. पंधराव्या मिनिटाला दगड पाण्याखाली. आम्ही अलीकडेच तंबू टाकला. सकाळी सहाला गेलो तर तळातले गोटे मोजता येत होते, दोन मिनिटांत पार. फक्त रात्रभर पाऊस पडला असेल तर हा हिशेब चालत नाही, तेव्हा पहाटेसुद्धा पाणी फुगलेलं असू शकतं.

माघारीची वेळ आदल्या रात्री तिघांनी मिळून ठरवायची. उदाहरणार्थ, बारा वाजेपर्यंत माथ्यावर नसलो तर जिथे असू तिथून मागे. वेळ आधी ठरलेली असली की रस्त्यात वाद होत नाही. आणि तिघांपैकी कुणी एकाने म्हटलं मागे, तर मागे, कारण विचारायचं नाही. मागे बसलेल्या माणसाचं मत सुद्धा तेवढंच मोजायचं, तिला रस्ता आणि हवा तुमच्यापेक्षा जास्त बघायला मिळते कारण तुमची नजर खड्ड्यावर असते.

पाना_पक्कड

वर दिलंय ते अगदी बरोबर आहे, मी फक्त गाडीबद्दल लिहितो.

४,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश उरते, म्हणजे इंजिनची ताकद पण साधारण तेवढीच राहते. दोन माणसं आणि सामान घेऊन चढताना गाडी दमलीये असं वाटेल, ती बिघडलेली नसते. इंजेक्शनवाली असेल तर मिश्रण ती स्वतः सांभाळते. कार्ब्युरेटर असेल तर वर हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, मग प्लग काळा पडतो, गाडी घुटमळते आणि पेट्रोलही जास्त पितं. जास्तीचा प्लग आणि प्लगचा पाना बरोबर ठेवा, आणि एअर फिल्टर निघायच्या आधी बदला.

टायरच्या हवेबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. थंडीने हवा कमी होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण वर बाहेरचा दाबच कमी असल्यामुळे गेज जास्त दाखवतं. समुद्रसपाटीला भरून ४,५०० मीटरवर गेलात तर नुसत्या उंचीने सहा पीएसआय वाढलेले दिसतील, थंडीने त्यातले तीन-चार परत जातील. त्यामुळे खाली काय भरलं होतं ते विसरायचं आणि रोज सकाळी, गाडी गार असताना, जिथे असाल तिथे मोजून नीट करायचं. छोटं गेज आणि हातपंप दोन्ही घ्या. आणि खाली उतरल्यावर परत मोजा, कारण उतरताना उलटं होतं, टायर नरम पडतो.

उतारावर ब्रेक दाबून धरू नका, ज्या गिअरमधे चढला असता त्याच गिअरमधे उतरा आणि ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून लावा. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलून घ्याच. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा नेहमीचा प्रकार) ताजं असताना किमान २३०° पर्यंत उकळत नाही, पण त्याने हवेतलं पाणी ओढून घेतलं की तीच मर्यादा १५५° वर येते, आणि लांब उतारावर दोन माणसांच्या वजनाने तेवढं तापणं अवघड नाही. ऑइल उकळलं की लिव्हर एकदम पोकळ लागतो. हे माझ्या बाबतीत झालंय, वळणाच्या अलीकडे बोटं लिव्हरला लागली आणि लिव्हर सरळ हँडलला टेकला, मागचा ब्रेक आणि पहिल्या गिअरवर गाडी थांबली, समोर डोंगराची बाजू होती म्हणून आज लिहितोय.

पावसात आणि नाल्यात चेनचं वंगण धुऊन जातं, तेव्हा मुक्कामाला पोचल्या पोचल्या, चेन गरम असतानाच, तेल द्या. सकाळी निघताना दिलं तर ते मुरतच नाही. क्लचची केबल नवीन टाका आणि जुनी जी चालू होती ती स्पेअर म्हणून न्या. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर एकेक. आणि पंक्चर काढायचा सराव घराबाहेर करून बघा, ट्यूबवाला टायर असेल तर मागचं चाक पूर्ण खोलून परत बसवून बघा, तेही ज्या टूलकिटने रस्त्यात करणार त्यानेच. थंडीत, वाऱ्यात, ओल्या हातांनी पहिल्यांदा करायला गेलात तर दोन तास गेलेच म्हणून समजा, सावकाश यांचे गेले तसे.

भटकभवानी

बहिणीचं वाचून अंगावर काटा आला. दादा, ती नुसती थंडी नव्हती, तो हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरणं, सुरू होत होता. बोटं न वळणं, बोलताना जीभ अडखळणं, चालताना तोल जाणं, ही तीन लक्षणं पाठ करून ठेवा आणि तिघांनी एकमेकांवर लक्ष ठेवा कारण ज्याला होतं त्याला स्वतःला कळत नाही, तो म्हणतो मी ठीक आहे. हुडहुडी भरलीये तोपर्यंत शरीर लढतंय. अंग गरम झालेलं नसताना हुडहुडी थांबली तर मात्र लगेच आडोसा, ओले कपडे काढणं, कोरड्यात गुंडाळणं आणि मदत बोलावणं, पुढे चालवायचं नाही.

मागे बसणाऱ्याला जास्त गारठा लागतो हे मी स्वतः तीन ट्रिपा मागे बसून आणि मग स्वतः चालवून सांगतेय. चालवणारा सतत काहीतरी करत असतो, क्लच, ब्रेक, अंग झुकवणं, मागचा नुसता बसलेला असतो. त्यामुळे तिच्या अंगावर तुमच्यापेक्षा एक थर जास्त हवा. आणि दर पाऊण तासाला दोन मिनिटं थांबून तिला चालायला लावा, पाऊस असेल तरी.

वाऱ्याचा हिशेब असा आहे की बाहेर ५° असेल आणि तुम्ही ६० च्या वेगाने जात असाल तर उघड्या कातडीला ते उणे २° सारखं लागतं. त्यात ओलं असाल तर विचारूच नका. म्हणून सुती काहीही अंगाला लागून घालायचं नाही, बनियनसुद्धा नाही, सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगाची ऊब ओढत राहतं. लोकर किंवा सिंथेटिक. जॅकेटच्या आत जो पावसाचा लायनर येतो त्यावर मी विसंबत नाही, त्याने अंग कोरडं राहतं पण वरचं जॅकेट भिजून जड होतं आणि वाऱ्यात ते ओलं कापड तुम्हाला गार करत राहतं, शिवाय रात्रीत वाळतही नाही. रेनसूट वरून घालायचा आणि पहिला थेंब पडायच्या आधी घालायचा. ढग आले, चला घालू, पाच मिनिटं जातील. हातमोजे दोन जोड, एक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, काय वाटेल ते झालं तरी मुक्कामापर्यंत कोरडा ठेवायचा. तिच्यासाठी पण.

आता तो ४,२०० मीटरचा मुक्काम. आदली रात्र कुठे आहे तुमची? ३,००० च्या वर गेलात की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढायचा, असं डॉक्टर सांगतात. दिवसा वर जाऊन खाली झोपायला आलात तर चालतं, प्रश्न झोपण्याचा आहे. ४,२०० वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आणखी वर जायचं नाही. चालताना झोकांड्या जायला लागल्या किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरवायचं, सकाळची वाट बघायची नाही, आणि अशा माणसाने स्वतः गाडी चालवायची नाही, दुसरं वाहन बघायचं. उंचीचा त्रास टाळायला देतात ती ॲसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची की नाही ते निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, एकमेकांच्या खिशातली घेऊ नका.

चाकोरीबाहेर

सगळ्यांचे मनापासून आभार. भटकभवानी ताई, आदली रात्र २,९०० वर आहे. म्हणजे एकदम १,३०० मीटरची उडी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी फक्त किमी बघत होतो. बहिणीला तुमचा मेसेज वाचून दाखवला, ती म्हणाली बरोबर, मला त्या दिवशी शेवटचा तास आठवतच नाही. हे ती मला आज पहिल्यांदा सांगतेय.

हवेच्या अंदाजाबद्दल कुणी सांगेल का? चार ॲप चार गोष्टी सांगतात.

ढगांचा_नाद

ॲप खोटं बोलत नाही, आपण चुकीच्या जागेचा अंदाज वाचतो. हवेचा अंदाज काढणारे जगभरचे जे मोठे कॉम्प्युटर मॉडेल आहेत ते जमिनीचे ९ ते १३ किमीचे चौकोन पाडून हिशेब करतात. डोंगरात एका चौकोनात दरी पण येते आणि शिखर पण, त्यांची सरासरी काढून मॉडेलला एक गुळगुळीत उंची मिळते जी प्रत्यक्षात कुठेच नसते. म्हणून आधी बघायचं की ॲप कुठल्या उंचीचं तापमान सांगतंय. बहुतेक वेळा ते खालच्या गावाचं असतं.

मग साधं गणित. दर १,००० मीटरला सरासरी ६.५° कमी. गाव २,९०० वर आणि खिंड ४,५०० वर असेल तर १,६०० मीटरचा फरक, म्हणजे साडेदहा अंश. गावात दुपारी १४° असेल तर वर साडेतीन, गावात सकाळी ६° असेल तर वर उणे साडेचार आणि रस्त्यावर रात्री वाहिलेलं पाणी काचेसारखं गोठलेलं. तेव्हा उजाडता निघा हे बरोबर आहे, पण खिंडीच्या दिवशी इतकं लवकर पण नको की सावलीतली वळणं गोठलेली असतानाच तिथे पोचाल, ऊन पडून तासभर होऊ द्या. हे दोन्ही सांभाळायचं असतं, पुढे नाला असेल तर त्याची वेळ आणि माथ्यावरच्या बर्फाची वेळ मांडून बघा.

ॲपमधे 'फ्रीझिंग लेव्हल' म्हणजे शून्य अंशाची उंची मिळते का बघा, मला तापमानापेक्षा तो आकडा जास्त उपयोगी पडतो. बर्फ त्या रेषेच्या खाली साधारण २००-३०० मीटरपर्यंत पडत राहतं. रेषा ४,६०० वर आणि खिंड ४,५०० वर असेल तर पाऊस धरू नका, बर्फच धरा. खिंडीची उंची पाटीवरून घेऊ नका. लडाखमधल्या खारदुंग ला वर कितीतरी वर्षं १८,३८० फूट म्हणजे ५,६०२ मीटर अशी पाटी होती, जीपीएसने ती ५,३५९ भरते. अडीचशे मीटरचा फरक म्हणजे दीड अंश, आणि शून्याच्या आसपास दीड अंशातच ठरतं की पाऊस की बर्फ. कमी उंचीवर पण निर्धास्त राहू नका, आल्प्समधला स्टेल्व्हिओ फक्त २,७५७ मीटर आहे पण तिथे भर उन्हाळ्यात बर्फ पडलेलं आहे.

दहा दिवस आधीचा अंदाज बघून काही बुक करू नका. पाच दिवस आधी दोन वेगळी मॉडेल बघा. दोन्ही एकच सांगत असतील तर त्यावर प्लॅन बांधा. दोन्ही वेगळं सांगत असतील तर हवा अजून ठरलेली नाही एवढंच समजा आणि जो वाईट सांगतोय त्याची तयारी ठेवा.

नेटवर्क गेल्यावर काय? समोरून येणाऱ्या गाड्या बघा. टपावर ताजं बर्फ घेऊन ट्रक खाली येतोय म्हणजे वर काय चाललंय ते कळलं, थांबवून विचारा, ड्रायव्हर मंडळी नीट सांगतात. उंची दाखवणारं घड्याळ असेल तर झोपताना आकडा लिहून ठेवा. तुम्ही एकाच खोलीत झोपलात आणि सकाळी घड्याळ ५० मीटर वर गेलोय म्हणतंय, तर हवेचा दाब चार-पाच हेक्टोपास्कलने पडलाय, म्हणजे हवा बिघडतेय, त्या दिवशी खिंड नको. शिखरावर बशीसारखा गुळगुळीत ढग एका जागी बसलेला दिसला तर वर जोराचा वारा आहे, दोन माणसं आणि बाजूच्या पेट्या असलेल्या गाडीला आडवा वारा फार त्रास देतो.

विजेचं पण सांगतो. चमकल्यापासून गडगडेपर्यंत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की माथा सोडून खाली उतरायला लागा. बाइकचे रबरी टायर काही वाचवत नाहीत.

पाना_पक्कड

ढगांचा नाद, ऊन पडेपर्यंत थांबा हे पटलं पण मग सावकाश यांची बारा वाजताची वेळ गाठणं अवघड होतं ना? आठला निघून साठ किमी चढ असेल तर दोन-अडीच तास, मधे काही झालं तर साडेअकरा. मला वाटतं त्या दिवसाचा टप्पाच छोटा करावा आणि खिंडीच्या शक्य तितक्या जवळ झोपावं.

भटकभवानी

जवळ म्हणजे उंच, पाना दादा. उंचीवर झोपायचं तर आधी दोन रात्री खाली काढायला हव्यात. यांच्याकडे दिवस कमी आहेत.

चाकोरीबाहेर

हो, तिथेच गाडं अडलं होतं. काल तिघं बसलो आणि चारातल्या शेवटच्या दोन खिंडी काढून टाकल्या. मित्राला वाईट वाटलं, त्याचं स्वप्न होतं ते, पण बहिणीने शांतपणे विचारलं की हव्यात तर कुठला दिवस काढू सांग, तर त्यालाच सांगता येईना. आता १,१०० किमी, नऊ दिवस, दोन राखीव. २,९०० ला दोन रात्री, मग ३,४०० च्या गावात एक, आणि ४,२०० चा मुक्काम रद्द, खिंड ओलांडून पलीकडे ३,३०० ला उतरून झोपायचं. खिंडीच्या दिवशी ९० किमी. साडेसातला ऊन येतं असं कळलं, साडेआठला निघणार. माघारीची वेळ बारा, पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून दोन्ही टाक्यांवर लावणार आहोत. रेनसूट, हातमोजे तिचे आधी घेतले. मागचं चाक रविवारी खोलून बघितलं, एक तास दहा मिनिटं लागली, परत करणार.

एकच राहिलं. बाराच्या आत माथ्यावर पोचलो आणि तिथेच बर्फ सुरू झालं तर पुढे उतरायचं की मागे?

सावकाश_स्वार

मागे. ज्या रस्त्याने आलात तो तासाभरापूर्वी तुम्ही बघितलाय, कुठे पाणी होतं कुठे खडी होती माहिती आहे. पुढचा उतार कितीही छोटा दिसला तरी तो बघितलेला नाही. अपवाद एकच, समोरून आत्ता बाइकवाले वर आले आणि त्यांनी सांगितलं की पलीकडे कोरडं आहे. उतरताना बहिणीला खाली उतरवून पहिली दोन-चार वाईट वळणं चालत येऊ दे, एकट्याने गाडी सांभाळणं सोपं जातं, दोन्ही पाय टेकवत, पहिल्या गिअरमधे, पुढच्या ब्रेकला हात न लावता. मित्राला पन्नास मीटर मागे ठेवा. आणि ३,४०० च्या मुक्कामवाल्याला निघतानाच सांगून ठेवा की कदाचित संध्याकाळी परत येऊ, एक खोली धरून ठेवा.